टाकी टू टाकी

पेट्रोल पंपावर टाकी भरली, नळी टक् करून बंद झाली, की तुम्ही-आम्ही पैसे देतो आणि निघतो. आमच्या शेजारचे जॉबरकाका निघायचे नाहीत. ते गाडीच्या मागं जायचे, दोन्ही तळवे डिकीवर टेकवायचे आणि गाडी पाळण्यासारखी हलवायचे. आत अडकलेली हवा बुडबुडत वर यायची. मग पंपावरच्या माणसाला म्हणायचे, "आता घाल अजून थोडं."

"काका, बास की. ऑटो कट झालाय."

"तुजा कट झाला. माजा न्हाई झाला."

परत हलवणं, परत थोडं पेट्रोल. टाकीच्या गळ्याशी पेट्रोल चमकताना दिसलं की झाकण लावायचे आणि झाकणावर दोन टिचक्या मारायचे. मागच्या रांगेत हॉर्न वाजत असायचे. त्या रांगेत कितीतरी वेळा मी होते, आणि खोटं कशाला बोलू, मीही हॉर्न वाजवलेला आहे.

हे सगळं कशासाठी, तर गाडी लिटरला नेमकी किती जाते ते कळावं म्हणून. टाकी गळ्यापर्यंत भरायची, मीटरवरचे किलोमीटर वहीत लिहायचे, गाडी चालवायची आणि परत गळ्यापर्यंत भरायची. दुसऱ्यांदा जेवढं मावलं तेवढं जळलं. मग भागाकार. त्यांच्या मते अ‍ॅव्हरेज काढायची दुसरी रीत जगात नव्हती. चहाच्या टपरीवर कुणी सहज बोलून गेलं, की माझी गाडी बावीस देते, तर हे बशीतून मान वर काढून एवढंच विचारायचे, "टाकी टू टाकी?" बोलणारा लगेच चहाकडं बघायला लागायचा.

सोलापूरच्या भवानी पेठेत ते आमच्या शेजारी राहायचे. तेलुगू घरातले. चाळीस वर्षं टॉवेलच्या कारखान्यात जॉबर होते, म्हणजे माग बिघडला की तो दुरुस्त करणारा माणूस. पेठ त्यांना जॉबरकाका म्हणायची. ते मला अम्मा म्हणायचे. मी त्यांच्यापेक्षा वीस वर्षांनी लहान, कॉलेजच्या ऑफिसात क्लार्क, पण त्यांच्याकडं लेकीलाही अम्माच म्हणतात. त्यांची खरी लेक बार्शीला दिलेली होती.

रिटायर झाल्यावर त्यांनी छोटी पांढरी गाडी घेतली, ती याच लेकीसाठी. काकूंना एसटी लागायची. वाटेतलं वैराग गाव यायच्या आत त्यांचा चेहरा पिवळा पडायचा. गाडीत मात्र त्या पुढच्या सीटवर पाय वर घेऊन बसायच्या आणि बार्शीपर्यंत शेंगा खायच्या. दर पंधरा दिवसांनी एक रविवार बार्शीचा, हे ठरलेलं.

वर्षभरानं मी तीच गाडी घेतली, फक्त रंग लाल. आमच्या घरात गाडी मी एकटीच चालवते. नवऱ्याला रिक्षा बरी वाटते, आणि माझ्या शेजारी बसल्यावर तर जास्तच बरी वाटते. मला चालवायला जॉबरकाकांनी शिकवलं. पहिल्या दिवशी सात रस्त्याच्या गर्दीत माझा डावा पाय बघून म्हणाले, "अम्मा, त्यो क्लच हाय. पाय ठिवायचा पाट न्हाई." ब्रेक दाबला की ते स्वतःला लागल्यासारखे कण्हायचे. लांबवर लाल सिग्नल दिसला की उजवा पाय उचलायचा आणि गाडीला तिच्या तिच्या वेगानं जाऊ द्यायचं, हे त्यांनी मला शिकवलं. ब्रेक म्हणजे जाळलेलं पेट्रोल मातीत घालणं, असं त्यांचं म्हणणं.

कंपनीनं त्या गाडीचा आकडा चोवीस सांगितला होता. त्यावर त्यांचा फार राग. "कंपनी गाडी खोलीत चालवती. चाकं फिरत्यात, गाडी हितल्या हितंच. तितं आपलं ऊन हाय का? एसी हाय का? सीटवर तुजी काकू हाय का?" काकू आतून ओरडायच्या, "मी ऐकतेय." सहा वर्षांत त्यांच्या गाडीनं एकोणीस पॉइंट सहाच्या आसपास दिलं. बार्शीच्या रस्त्यावर वीस-एकवीस, गावात सतरा, मिळून एकोणीस पॉइंट सहा. माझी अठराच द्यायची. तो फरक माझ्या डाव्या पायाचा, असं ते सगळ्या पेठेला सांगत असत.

वही गाडीच्या समोरच्या कप्प्यात असायची आणि तिच्या तारेत पेन्सिल अडकवलेली. पेन उन्हात सुकतं, पेन्सिल सुकत नाही. तारीख, किलोमीटर, लिटर, अ‍ॅव्हरेज. सहा वर्षांत एक ओळ चुकलेली नव्हती. मी ती वही इतक्यांदा पाहिली होती, की त्यांचं उजवीकडं झुकलेलं अक्षर मला झोपेतसुद्धा काढता आलं असतं. हे वाक्य लक्षात ठेवा, कारण पुढं मला ते कामी आलं आणि त्याची मला अजून लाज वाटते.

दोन वर्षांपूर्वी, मार्चमध्ये, ते वही घेऊन आमच्या दारात आले. चप्पल काढायचंही भान नव्हतं.

"अम्मा, चोवीस."

"काय चोवीस?"

"अ‍ॅव्हरेज. टाकी टू टाकी."

कंपनीला सहा वर्षं शिव्या दिल्या आणि शेवटी कंपनीचाच आकडा गाठला, म्हणून मी त्यांना खूप चिडवलं. त्यांनी त्या दिवशी टपरीवर सगळ्यांना चहा पाजला. मी पण प्यायले. गाडी सहा वर्षांनी सुधारते का हो, असं कुणी विचारलं नाही.

एप्रिलमध्ये सत्तावीस आले. सोलापूरचा एप्रिल तुम्ही काढला असेल तर तुम्हाला ठाऊक आहे, स्टिअरिंगला हात लावताना फडकं लागतं. एसी लावल्याशिवाय गाडी हलत नाही. माझी लाल गाडी त्या महिन्यात साडेसतरावर आली होती. त्यांनी वही दाखवली तेव्हा मी खालून वर ओळी वाचल्या, परत वाचल्या. आदल्या मंगळवारी मी पंपावर त्यांच्या मागंच उभी होते. त्यांनी गाडी हलवली होती, मी हॉर्न वाजवला होता, त्यांनी मागं वळून मला हात केला होता. वहीत मंगळवार नव्हता.

एकदा भरलेलं पेट्रोल लिहायचं राहिलं, की ते जळलंच नाही असं गणिताला वाटतं. किलोमीटर तर झालेले असतात. मग आकडा फुगतो. गाडी सुधारली नव्हती. भरलेलं पेट्रोल ते विसरत होते.

लिहायचं राहिलं असेल, असं तुम्ही म्हणाल. दुसऱ्या कुणाचं राहिलं असतं तर मी तिथंच हसून सांगितलं असतं. त्यांचं सहा वर्षांत कधी राहिलं नव्हतं, म्हणून माझी जीभ उचलली नाही. "छान आलं की," एवढं म्हणाले आणि आत जाऊन गॅसवरचं दूध बघितलं. दूध गॅसवर नव्हतंच.

मे महिन्यात एकतीस आले, आणि या वेळी ते चहा पाजायला निघाले नाहीत. एवढा चांगला आकडा बघून घाबरलेला माणूस मी पहिल्यांदा पाहिला. ओट्यावर बसून वहीकडं बघत होते. त्यांना कामाची एक सवय होती. टॉवेलच्या कापडात दोष आला की ते म्हणायचे, दोष तीनच जागी असतो. सूत बघायचं, माग बघायचा, मग माणूस बघायचा. माणूस नेहमी शेवटी, कारण त्याची रोजी असते. चाळीस वर्षं त्यांनी असेच दोष शोधले. आता ते गाडीचा दोष शोधायला लागले.

सूत म्हणजे इथं पेट्रोल. त्यांनी पंपावर पाच लिटरचं माप मागवलं आणि नळीतून त्यात पेट्रोल ओतून घेतलं. बरोबर रेघेवर आलं. दुसऱ्या पंपावर जाऊन तेच केलं. तिथंही बरोबर. "सूत चांगलं हाय," मला येऊन सांगितलं.

मग माग. आमच्या गल्लीच्या तोंडाशी गॅरेजवाला आहे, त्यानं गाडी वर उचलून बघितली, मीटर बघितलं आणि सांगितलं, काही नाही. यांचं समाधान होईना. मीटर पळत असेल तर किलोमीटर जास्त दाखवणार. "अम्मा, उद्या सुट्टी हाय न्हवं? माज्याबरबर चल. दगड मोजू."

बार्शीच्या रस्त्यावर किलोमीटरचे दगड आहेत. एका दगडाशी गाडी उभी करून मीटरचा आकडा लिहायचा आणि तिथून वीस दगड मोजायचे, ते मी. मी खिडकीतून दगड मोजत होते आणि मनातून म्हणत होते, चुकू दे. मीटर पळत असू दे. वीस दगडांना बावीस किलोमीटर दाखवू दे. आयुष्यात कुठल्या यंत्राच्या बिघाडासाठी मी इतकी प्रार्थना केली नसेल. विसावा दगड आला. मीटरवर नेमके वीस.

त्यांनी एका लिंबाखाली गाडी बंद केली. एसी थांबल्याबरोबर ऊन आत आलं. ते स्टिअरिंगवर दोन्ही हात ठेवून बसले.

"सूत बरोबर," म्हणाले. "माग बरोबर."

तिसरं ते बोलले नाहीत. स्टिअरिंगवरचे हात आपले आहेत हे कळत नसल्यासारखे ते त्यांच्याकडं बघत होते.

"माज्या थोरल्या भावाचं असंच झालतं," ते म्हणाले. "लई हुशार विणकर. शेवटी आपल्याच मागापुढं उभं राहून इचारायचा, ह्यो कुणाचा हाय? म्या तेला हाताला धरून घरी न्यायचो. मला कोण नेणार अम्मा? तुज्या काकूला रस्ता पण ठावूक न्हाई."

मी म्हणाले, डॉक्टरकडं जाऊ. त्यांनी मान हलवली. डॉक्टर आजाराला नाव ठेवणार, आणि नाव ठेवलं की ते खरं होणार, असं काहीतरी म्हणाले. माझं ऐकलं नाही. पण तिथंच, लिंबाखाली, त्यांनी मला एक वचन दिलं. पुढच्या टाकीला बघायचं. भरलं की लिहायचं, लिहिलं की दोनदा बघायचं. आकडा एकोणीस-वीस आला तर माणूस बरोबर, गाडी चालवायची. नाही आला तर किल्ली माझ्याकडं, आणि काकूंना बार्शीला न्यायची जबाबदारी माझी.

"तू पंच," ते म्हणाले. "पंच कुणाचा नसतो."

ते तीन आठवडे मला चांगले आठवतात, कारण मी रोज सकाळी त्यांच्या ओट्याकडं बघून मगच कामाला जायचे. ते बरे दिसायचे. कधी मला माझं नाव घेऊन हाक मारायचे, कधी त्यांच्या लेकीचं नाव घेऊन. ते तर पूर्वीही व्हायचं, असं मी स्वतःला समजवायचे. काकूंना मी काहीच सांगितलं नव्हतं. त्या मला म्हणाल्या, "हे हल्ली लई गप असतात. गाडी विकायचं डोक्यात हाय का काय?" मी म्हटलं, छे.

तिसऱ्या शनिवारी आम्ही पंपावर गेलो. शेवटची टाकी, म्हणून पंचानं हजर राहायचं. ते खाली उतरले आणि मी गाडीतच बसले. कप्प्यातून वही काढली. शेवटच्या ओळीला टाकी फुल्ल, एकसष्ट हजार दोनशे. त्याच्याखाली काही नव्हतं. मीटरवर एकसष्ट हजार सहाशे ऐंशी. माझ्या बाजूच्या दाराच्या खणात पाण्याच्या बाटलीखाली पंपाची पावती होती. बारा पॉइंट तीन लिटर. आठ-दहा दिवसांपूर्वीची.

म्हणजे ते भरून आले होते आणि दोनदा काय, एकदाही लिहिलं नव्हतं. आता बाहेर नळी टाकीत होती. पाच मिनिटांत ते आत येऊन भागाकार करणार, उत्तर चाळीसच्या आसपास येणार, आणि मी त्यांचं तोंड बघणार.

मी पेन्सिल काढली. त्यांचीच रीत वापरून उलटं गणित केलं. बारा पॉइंट तीन गुणिले साडेएकोणीस, दोनशे चाळीस. म्हणजे मधली नोंद एकसष्ट हजार चारशे चाळीसला. मी लिहायला लागले आणि गाडी हलायला लागली. मागं ते डिकीला तळवे लावून उभे होते. गाडी हलली की पेन्सिल उचलायची, थांबली की एक आकडा काढायचा. उजवीकडं झुकलेला. अक्षर हुबेहूब आलं. त्या क्षणी मला त्याचं बरंही वाटलं, काय सांगू तुम्हाला.

झाकणावर दोन टिचक्या वाजल्या. ते आत आले, वही उघडली आणि त्या ओळीवर त्यांचं बोट थांबलं.

"व्हय की," ते हळूच म्हणाले. "मदी भरलं होतं. आठवलं."

मग भागाकार. एकोणीस पॉइंट सहा. त्यांनी वही माझ्यापुढं धरली आणि मी पंच म्हणून मान डोलावली. घरी येईपर्यंत ते शीळ घालत होते. मी खिडकीबाहेर बघत होते. एका म्हाताऱ्या माणसाला आणखी थोडे दिवस घाबरू दिलं नाही, यात काय चुकलं, असं मी स्वतःला विचारत होते. उत्तर मला येत होतं.

त्याची किंमत आठ दिवसांनी, रविवारी कळली. दुपारी दीडला काकूंचा फोन आला. त्या तेलुगूत बोलत होत्या, मग मराठीत, मग परत तेलुगूत. बार्शीला जायला सकाळी नऊला निघालेले. मी विचारलं, कुठं आहात? त्यांना सांगता येईना. त्यांनी फोन कुणाला तरी दिला. तो माणूस म्हणाला, "वेळापूर की. द्येवळापाशी. आजोबा खाली उतरून बसल्यात, मावशी गाडीत रडायल्यात."

वेळापूर बार्शीच्या वाटेवर नाही. ते पंढरपूरच्याही पलीकडं, अगदी वेगळ्याच दिशेला आहे.

मी काकूंना म्हटलं, किल्ली काढून घ्या आणि कुणी मागितली तरी देऊ नका. त्यांनाही देऊ नका. गॅरेजवाल्याला घरातून उठवून शेजारी बसवलं आणि मी गाडी काढली. त्याआधी मी सोलापूरच्या बाहेर कधी चाळीस किलोमीटरच्या पुढं चालवली नव्हती. शंभर किलोमीटर मी घाबरत गेले. ट्रकला घाबरले, फोन वाजेल म्हणून घाबरले, वाजत नाही म्हणून घाबरले. क्लचवर पाय ठेवला होता की नव्हता, मला माहीत नाही. ह्याच रस्त्यानं ते आले होते. मोहोळच्या पाट्या, पंढरपूरच्या पाट्या, सगळ्या वाचत आले असतील. काकूंनी विचारलं असेल आणि त्यांनी सांगितलं असेल, हाच रस्ता. सहा वर्षांत ज्याचा एक आकडा चुकला नाही, त्याला बायको कशी खोटं ठरवणार?

काकू पुढच्या सीटवर होत्या. किल्ली पदराच्या टोकाला बांधून ती गाठ मुठीत धरली होती. मांडीवर शेंगांची पिशवी, न सोडलेली. ते देवळाच्या बाहेर दगडी पायरीवर बसले होते, वही गुडघ्यावर. मला बघून त्यांना इतका आनंद झाला, की मला रडू कोसळलं.

"अम्मा, बरं झालं आलीस. हे बघ. बार्शीला सत्तर लागतात. एकशेदोन झाले. मीटर खोटं बोलत न्हाई, आपण दगड मोजल्यात." मग माझ्याकडं बघून अगदी बारीक आवाजात म्हणाले, "बार्शी कुटं गेली?"

मी त्यांच्या शेजारी बसले. उन्हानं पायरी तापली होती. ते वहीची पानं मागं-पुढं करत होते, कुठं चुकलं ते शोधत. मग त्या ओळीवर बोट ठेवलं.

"ही वळ म्या लिवली?"

मी डोळे पुसले.

"त्या दिशी तुला आठवलं म्हनालो, ते खोटं होतं. आठवत नव्हतं. अजून आठवत न्हाई. भरल्यालं इसरतो, ते मला कळलंय. पण लिवल्यालं पण इसरायला लागलो, तर मग माज्याकडं काय ऱ्हायलं? आठ दिस झालं, ही वळ बघतो अन् अंगाला घाम फुटतो." पेन्सिलीचं टोक त्यांनी त्या ओळीखाली टेकवलं. "माजंच अक्षर हाय. बघ की."

मी गप्प बसू शकले असते. त्यांनी कधीच ओळखलं नसतं. माझी लबाडी त्यांच्या आजारात जिरून गेली असती, आणि पेठेत माझ्याकडं कुणी बोट दाखवलं नसतं. आठ दिवस तो माणूस माझ्या पेन्सिलीला घाबरत होता.

"काका, ती ओळ तुमची नाही," मी म्हणाले. "मी लिहिली. तुम्ही गाडी हलवत होता तेव्हा."

त्यांना समजायला वेळ लागला. मी दोनदा सांगितलं. पावतीचं सांगितलं, उलट्या गणिताचं सांगितलं. मला वाटलं, आता ते उठून जातील, किंवा हात उगारतील. त्यांनी त्या ओळीवरून अंगठा फिरवला. चेहरा हळूहळू सैल पडला.

"म्हंजे ही म्या इसरलो न्हाई," ते म्हणाले.

"नाही."

"ही एक न्हाई."

"ही एक नाही, काका."

ते हसले. खरंच हसले, आणि हसता हसता त्यांनी माझा हात धरला तो सोलापूर येईपर्यंत सोडला नाही. त्यांची गाडी गॅरेजवाल्यानं चालवली, काकू त्याच्या शेजारी. माझ्या गाडीत गिअर बदलायला मला हात हवा असायचा, तेव्हा मी सांगायचे, काका, सोडा, आणि तिसरा पडला की ते परत धरायचे. मोहोळच्या जवळ ते म्हणाले, "पंच कुणाचा नसतो अम्मा." रागावून नाही. आठवण करून दिल्यासारखं.

पुढचं फार सांगण्यासारखं नाही. डॉक्टरनं नाव ठेवलं. लेकीनं येऊन दोघांना बार्शीला नेलं. काकू गेल्या त्या एसटीनं, कारण त्यांना आता छोट्या गाडीत बसायचीच भीती वाटते. निघताना त्या मला म्हणाल्या, "तू आधी सांगायला पाहिजे होतंस गं." मी हो म्हणाले. त्यावर दुसरं काय म्हणणार?

गाडी विकायचं काम माझ्याकडं आलं. घेणाऱ्यानं दार उघडून बघितलं, बॉनेट वर करून बघितलं आणि विचारलं, "अ‍ॅव्हरेज किती?"

"एकोणीस पॉइंट सहा."

"कंपनी तर चोवीस म्हणती."

"टाकी टू टाकी," मी म्हणाले, आणि आत जाऊन चहा टाकला.

ते या संक्रांतीनंतर गेले. आदल्या महिन्यात मी बार्शीला जाऊन आले होते. त्यांनी मला ओळखलं नाही. माझ्या लाल गाडीकडं खिडकीतून बराच वेळ बघत होते. त्यांनी काहीतरी विचारावं, म्हणून मी फार वाट बघितली. त्यांनी विचारलं नाही.

त्यांची वही माझ्याकडं आहे. उरलेल्या पानांवर आता मी माझ्या गाडीचे आकडे लिहिते. पंपावर मी पण मागं जाते, डिकीला तळवे लावते आणि गाडी हलवते. लोक हॉर्न वाजवतात.

मागच्या महिन्यात माझा आकडा तेवीस पॉइंट चार आला.

गाडी बाजूला हवा भरायच्या जागेपाशी घेतली. पर्स सीटवर उपडी केली, दाराचे खण बघितले, कप्पा बघितला. डब्याच्या पिशवीच्या तळाला पावती सापडली. ऑडिटच्या गडबडीत एका सकाळी घाईनं थोडं भरलं होतं आणि लिहायचं राहून गेलं होतं. पावती बघितल्यावर मी मोठ्यानं म्हणाले, "हो की, आठवलं." खरंच आठवलं, की पावती बघून आठवलं असं वाटलं, ते मला सांगता येत नाही. गाडीत कुणी पंच नव्हता.

परवा पुन्हा टाकी भरली. गळ्यापर्यंत. झाकणावर दोन टिचक्या मारल्या आणि बॉनेटवर वही ठेवून भागाकार केला. सतरा पॉइंट नऊ आले. मी तीनदा करून बघितला. सतरा पॉइंट नऊच. इतका वाईट आकडा, आणि मला तिथं पंपावरच रडू आलं, इतकं बरं वाटलं.